काशीत सोडलेले कारले

माझी आजी काशीयात्रा करून आली तेव्हा तिने कारले सोडले. काशीस जाणाऱ्याने आपल्या आवडीचा एखादा पदार्थ तिथे कायमचा सोडून यावा, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. आजीला कारले जन्मात कधी आवडले नव्हते, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होते. तरीपण ज्या दिवशी कारल्याची भाजी होई त्या दिवशी पंगतीत कुणीतरी वाढणाऱ्याचा हात धरी आणि पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगे, "त्यांना नको, त्यांनी काशीत सोडले आहे." मग पाहुणे आदराने आजीकडे पाहत आणि आजी खाली मान घालून भात कालवू लागे. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान दिसे ते खोटे होते, असे मला आजही म्हणवत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी स्मार्टफोन सोडला आणि बटणांचा साधा फोन घेतला. तेव्हापासून पंगतीत माझ्याविषयीही असेच काहीसे बोलले जाते. लग्नकार्यात कुणी माझा नंबर घेऊन "फोटो पाठवतो" असे म्हणाले, की शेजारचा मध्येच सांगतो, "सरांनी सोडलाय तो." समोरचा गृहस्थ हातातला फोन क्षणभर खाली करतो, माझ्याकडे नीट पाहतो आणि म्हणतो, "बरे केलेत. आम्हांला नाही जमत." मी खाली मान घालतो. आजीला वाटत असे तसे मलाही बरे वाटते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक प्रश्न मनात येतो आणि गेले काही महिने तो मला नीट झोपू देत नाही. मी सोडले ते कारले की आंबा? आणि समजा आंबा असला, तरी माझ्या सोडण्याने नेमके कुणाचे ताट रिकामे राहिले?

हा प्रश्न घेऊन मी विद्वानांकडे गेलेलो नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकलेची शिक्षक-पदविका घेतली, तिच्यावर पोट भरते. आणि चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवर भरत नाही. माण तालुक्यातल्या, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या उघड्याबोडक्या मुलुखातल्या एका माध्यमिक शाळेत मी वीस वर्षे मुलांच्या हातात ब्रश देत आलो आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात तत्त्वज्ञान कमी आणि कबुलीजबाब जास्त असेल. वाचकांनी तो तसाच घ्यावा.

तसे पाहिले तर या यंत्राचा आणि माझा शेजार जुना आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला. या देशातले ते तसले पहिले संभाषण. मी त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात होतो. त्या काळी फोन करणाऱ्याला पैसे पडतच, पण ज्याला फोन येई त्यालाही पडत. २००३ साली ही दुसरी पट्टी बंद झाली, आणि मग तो माझ्यासारख्याच्या खिशात आला. माझा पहिला फोन डोक्याला विजेरी असलेला नोकिया ११००. विहिरीवर मोटार चालू करायला रात्री जाणाऱ्या शेतकऱ्याला त्यातल्या फोनपेक्षा विजेरीचेच कौतुक अधिक होते. बोलायला पैसे पडत म्हणून आम्ही मिस्ड कॉलची एक भाषाच बनवली होती. एक घंटा म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे एस.टी. चुकली, जेवून घ्या. त्या फोनने माझा कधी अपमान केला नाही आणि माझ्याकडून काही मागितलेही नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली, पहिले काही महिने इंटरनेट फुकट मिळू लागले आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत आठ दिवसांत आठ स्मार्टफोन आले. नववा माझा. पुढची गोष्ट घरोघरची आहे. ती मी पाल्हाळाने सांगत नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो, कारण त्या मला फार उशिरा कळल्या आणि कळल्यावर लाज वाटण्याऐवजी जरा हायसे वाटले.

पहिली अशी. बोटाने पान वर सारत राहिले तरी ते संपत नाही, ही युक्ती आझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने २००६ साली काढली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. मी कादंबरीकार आहे. प्रकरण कुठे संपवावे यावर मी रात्री घालवल्या आहेत. प्रकरणाचा शेवट म्हणजे वाचकाने दिवा मालवावा, म्हाताऱ्या आईला पाणी द्यावे, झोपावे, यासाठी लेखकाने दिलेली रजा. ज्या पुस्तकाला शेवटचे पानच नाही ते वाचकाला रजाच देत नाही. दुसरी गोष्ट स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांची. ठरावीक टोचण्यांनंतर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा टिपून मध्ये विसावा घेते. पण दाणा केव्हा पडेल याचा नेम नसेल तर ते विसावा न घेता टोचत राहते. रात्री साडेअकरा वाजता, काही आलेले नसताना, फोन उचलून पाहणारा मी कोण होतो ते त्या दिवशी मला समजले.

परंतु फोन सोडला तो या ज्ञानामुळे नव्हे. ज्ञानाने माणूस काही सोडत नाही. तसे असते तर तंबाखूच्या पुडीवरचे चित्र पाहून आमचा शिपाई केव्हाच सुधारला असता. फोन सोडला तो एका विहिरीमुळे.

सातवीतल्या एका मुलाने वर्गात विहिरीचे चित्र काढले. दगडी बांधणीची जुनी विहीर, पायऱ्या, वरून वाकलेले उंबराचे झाड. मी तेव्हा चांगले चित्र दिसले की आधी फोनमध्ये त्याचा फोटो घेत असे आणि शिक्षकांच्या गटात टाकत असे. याही चित्राचा घेतला. तीस-पस्तीस अंगठे आले. आठवड्याने तो मुलगा चित्र घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, विहिरीत कोण आहे सांगा." मी म्हटले, "छान काढलीस की विहीर." तो म्हणाला, "पण आत कोण आहे?" मी कागद हातात घेतला. हिरव्या पाण्यात, पायरीच्या सावलीला लागून, बोराएवढा एक चेहरा होता. वाकून पाहणाऱ्याचे पाण्यात पडलेले प्रतिबिंब. म्हणजे तो स्वतःच. सबंध चित्र त्या चेहऱ्यासाठी काढलेले होते, आणि पस्तीस जणांनी व त्यांच्या आधी मी त्या चित्राला अंगठा दाखवला होता. चेहरा कुणी पाहिला नव्हता. पाहणे हाच ज्याचा धंदा त्या माणसाने चित्र न पाहता फक्त टिपले होते.

मेच्या सुटीत मी तालुक्याला जाऊन अठराशे रुपयांचा बटणांचा फोन घेतला, जुना पुसून भाच्याला दिला आणि सिमकार्ड नव्यात घातले. नंबर तोच राहिला.

पहिले पंधरा दिवस डावा हात उगाच मांडीशी जाई. न वाजलेला फोन वाजल्यासारखा वाटे. मग ते गेले. लाभ झाला तो खोटा नव्हता, हे आधी नमूद करतो. नाहीतर पुढच्या कबुलीजबाबाला अर्थ नाही. चित्रे मी पुन्हा कागदावर पाहू लागलो. एस.टी.त खिडकीशी बसून म्हसवडपर्यंत नुसता बसू शकलो. लोक बोलत असताना त्यांच्या हातांकडे पाहू लागलो, आणि कादंबरीकाराला याहून अधिक काय लागते? कादंबरी मात्र त्यामुळे पुढे सरकली नाही. आठ महिन्यांत चाळीस पाने, त्यांतली बावीस फाडली. फोनने माझी कादंबरी अडवली आहे, हे मी आठ वर्षे लोकांना सांगत होतो. आता ती कुणी अडवली आहे ते सांगायला मला दुसरे पात्र शोधावे लागले.

आणखीही एक कबुली. एका रविवारी बायको देवळात गेली असताना मी स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीशी उभा राहून, तिच्या फोनवर पाऊण तास क्रिकेटचा सामना पाहिला. दारात तिची चप्पल वाजली तसा फोन होता तिथे ठेवला आणि माठातले पाणी प्यायलो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. मी तर इंद्रियेदेखील धड आवरली नव्हती. बायकोने काही विचारले नाही. फक्त म्हणाली, "फोन गरम झालाय."

इथवरची फजिती माझी एकट्याची होती आणि ती मी हसून सहन केली. पण सोडण्याचा हिशेब एकट्याच्या वहीत मावत नाही, हे हळूहळू दिसू लागले.

आमच्या शाळेत आता कोणतीही सूचना कागदावर येत नाही. मुख्याध्यापकांचा निरोप गटात येतो. तो रात्री दहाला येतो आणि सकाळी सातला अमलात आणायचा असतो. मुलांची माहिती शासनाच्या पोर्टलवर भरायची असते. माझ्या शेजारच्या वर्गावर एक तरुण शिक्षिका आहेत. अजून कायम झालेल्या नाहीत, घरी लहान मूल आहे. पहिल्या आठवड्यातच त्या आपण होऊन म्हणाल्या, "सर, काही असले तर मी सांगत जाईन." तेव्हापासून त्या सांगत आल्या. सभा साडेनवाला आहे, सर. उद्या प्रभातफेरी आहे, सर. तुमच्या वर्गाची माहिती राहिली होती, मी भरली, सर. मी प्रत्येक वेळी आभार मानी आणि मनात म्हणे, बघा, काही अडत नाही. सहा महिन्यांनी एकदा पटसंख्येचे आकडे चुकले म्हणून त्यांना माझ्या वर्गाचे काम रात्री पुन्हा करावे लागले. सकाळी त्यांचे डोळे लाल होते. त्या हसूनच म्हणाल्या, "व्रत तुमचे आहे, सर, पण उद्यापन मी करते आहे."

घरीही हेच. बँकेचे, विजेचे, दूधवाल्याचे सारे व्यवहार बायकोच्या फोनकडे गेले. साध्या फोनवरून पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केली आहे, मी ती दोनदा वापरून पाहिली, दुसऱ्यांदा वाण्याने मागे उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, वहिनींना सांगा, त्या टाकतील." वहिनींनी टाकले.

हेन्री डेव्हिड थोरोचे नाव साधेपणाच्या गोष्टीत नेहमी निघते. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे तो वॉल्डनच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला. ती जागा त्याचा मित्र इमर्सन याची होती. १८४६ साली सरकारला कर देण्याचे नाकारून तो तुरुंगात गेला, ती एकच रात्र. कारण त्याचा कर दुसऱ्याच कुणीतरी भरून टाकला. ही माहिती सांगून थोरोला खाली ओढावे, असा माझा हेतू नाही. त्याच्या त्या एका रात्रीने पुढे गांधीजींना बळ दिले. कर कुणी भरला हे त्यापुढे लहान आहे. पण तो भरणारा हात मला अलीकडे फार दिसतो. झोपडीच्या दारात बसलेला माणूस चित्रात येतो. पैसे भरून मुकाट्याने घरी गेलेला माणूस चित्राच्या चौकटीबाहेर राहतो. चित्रकलेच्या शिक्षकाला चौकट कुठे मारावी हा प्रश्न रोजचाच आहे.

गीतेचा अठरावा अध्याय त्यागाचे तीन प्रकार करतो. कर्तव्यकर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. ते दुःखाचे आहे, शरीराला क्लेश होतात म्हणून टाकणे हा राजस. आणि कर्म करीत राहून त्याची आसक्ती व फळ टाकणे हा सात्त्विक. लहानपणी पाठांतराच्या स्पर्धेसाठी घोकलेले हे श्लोक मला पन्नाशी जवळ आल्यावर एका फोनमुळे कळतील, असे वाटले नव्हते. मी वस्तू टाकली. पण तिच्याबरोबर कर्तव्याचा एखादा तुकडाही टाकला गेला की काय? गटातले अंगठे टाकायला हरकत नव्हती. मुख्याध्यापकांचा निरोप मात्र माझ्या वाट्याचा होता. मी तो टाकला, आणि तो खाली न पडता शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या ओंजळीत पडला, म्हणून मला आवाज आला नाही.

तरीही इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालू शकत होतो. बाईंच्या वाट्याची दोन कामे मी घेतली. पर्यवेक्षणाची पाळी आणि स्नेहसंमेलनाचे पडदे. हिशेब फिटल्यासारखा झाला. ज्याचा हिशेब फिटत नाही ते आता सांगतो.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा बंद पडल्या. जूनमध्ये फोनवरून शिकवायचे ठरले. कुणाकडे स्मार्टफोन आहे, कुणाकडे नाही, याची यादी करायचे काम शिक्षकांकडे आले. माझ्या वाट्याला दोन वाड्या आल्या. तोंडाला फडके बांधून मी दारोदार हिंडलो. एका घरी बाप, आई, म्हातारी आणि तीन मुले. मोठी मुलगी सातवीत गेलेली, चित्रकलेत सबंध शाळेत हुशार. घरात फोन एकच, बटणांचा. मी बापाला समजावले. मला शब्द आठवतात, कारण त्या महिन्यात मी ते पंचवीस घरी बोललो. म्हणालो, "आता यापुढे शाळा यातच आहे. पोरगी मागे पडेल. कसेही करून एक घ्या." बाजार बंद होते. त्याने दारात आलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने, दोन शेळ्या दिल्या. एक गाभण होती. आठ हजारांचा फोन आला. मी यादीत त्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि मला फार समाधान वाटले.

ती मुलगी शिकली. फोनवरच्या शाळेत किती शिकली ते मी सांगू शकत नाही, पण शाळा उघडल्यावर आली, टिकली. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली, आणि मार्च २०२४ मध्ये ती मॅट्रिक झाली. मेमध्ये मी फोन सोडला.

२०२५ च्या जुलैमध्ये दहिवडीच्या एस.टी. स्थानकावर ती मला भेटली. कॉलेजचे दप्तर पाठीला. नमस्कार केला, पण जरा दूर उभी राहून. मी विचारले, काय करतेस? म्हणाली, बारावी कॉमर्स. मी म्हटले, "कॉमर्स? मला वाटले तू चित्रकलेकडे जाशील." ती काही बोलली नाही. गाडीची पाटी वाचल्यासारखे केले. मग एकदम म्हणाली, "सर, तुम्ही माझ्यावर रागावला होता का?"

"का गं?"

"मी दहावीचा निकाल लागल्यावर तुम्हांला मेसेज केला होता. एकच टिक राहिली. पुन्हा केला, तरी एकच. मला वाटलं, तुम्ही मला ब्लॉक केलं."

ज्यांना ही भाषा ठाऊक नाही अशा वडीलधाऱ्या वाचकांसाठी सांगतो. निरोप निघाला की एक खूण उमटते आणि समोरच्याच्या फोनात पोहोचला की दुसरी. व्हॉट्सॲपवरचा न पोहोचलेला निरोप ती कंपनी तीस दिवस सांभाळते आणि मग पुसून टाकते. तेव्हा तिचा निरोप आज जगात कुठेही नाही. त्यात काय होते ते तिने सांगितले, म्हणून कळले. चित्रकलेच्या पदविकेचा अर्ज केव्हा भरायचा, कुठे भरायचा, आणि "वडील कॉमर्स घे म्हणतात, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलाल का?"

मी म्हटले, "अगं, मग फोन करायचास. नंबर तोच आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. गणित न कळलेल्या मुलाकडे शहाणे मूल पाहते तसे ते होते. म्हणाली, "फोनवर कसं बोलणार, सर? घरात सगळी असतात."

तिची गाडी आली आणि ती गेली. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. ते घर मी पाहिलेले होते. एक खण, एक पडवी. तिथे सहा माणसे राहतात. त्या घरात मोठ्याने बोललेले प्रत्येक वाक्य सहा जणांचे होते. बापाच्या मनाविरुद्ध काही विचारायचे तर आवाज न करता विचारता येईल अशी एकच जागा तिच्यापाशी होती, हाताच्या पंजाएवढी. आणि ती जागा तिला मीच, दोन शेळ्या विकायला लावून, मिळवून दिली होती. पुढे मला माझी शांतता प्रिय झाली, आणि त्या जागेचे पलीकडचे दार मी लावून घेतले. तिने दोनदा ठोठावले. मी त्या वेळी बहुधा खिडकीशी बसून म्हसवडला चाललो असेन आणि आपण नुसते बसू शकतो याचे कौतुक करीत असेन.

कुणी म्हणेल, फोन असता तर तरी तो निरोप तू पाहिला असतास का? अंगठ्यांच्या आणि शुभप्रभातांच्या ढिगात तो बुडाला नसता कशावरून? हे खरे आहे, आणि ते मला फार टोचते. कारण विहिरीतला चेहरा मी फोन हातात असतानाच पाहिला नव्हता. कुणी म्हणेल, तू बापाशी बोलला असतास तरी त्याने ऐकले असते कशावरून? हेही खरे. चित्रकलेची पदविका घेऊन आज नोकरी मिळतेच असे नाही, आणि बापाचे म्हणणे कदाचित माझ्यापेक्षा शहाणपणाचे असेल. पण ही सारी उत्तरे मी देतो तेव्हा माझ्या आवाजाला वकिलाचा सूर लागतो, आणि समोर बाकावर ती मुलगी बसलेली नसते.

मला वाटते, वस्तू सोडणाऱ्याने ती वस्तू आपल्यासाठी काय आहे एवढेच पाहिले तर तो अर्धाच हिशेब करतो. माझ्यासाठी तो फोन म्हणजे न संपणारे पान होते. नेमणूक कायम झालेल्या, पगार पहिल्या तारखेस येणाऱ्या, घरात स्वतंत्र खोली असलेल्या माणसाला ते मिटणे परवडते. आमच्याच वाडीतला जो पोरगा पुण्यात दुचाकीवरून जेवणाचे डबे पोहोचवतो त्याला फोन सोडायला सांगणे म्हणजे भाकरी सोडायला सांगणे आहे. आणि या मुलीला तो म्हणजे एक दार होते. अर्थात दाराशी कुणीतरी चोवीस तास बसलेच पाहिजे, असाही याचा अर्थ मला पटत नाही. तसे मानले तर शिक्षकाचा देव होतो किंवा गुरखा, आणि मी दोन्ही नाही. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी माझी जागा आहे. ती मला अजून नेमकी सापडलेली नाही.

फोन परत घेतला का, असे वाचक विचारतील. भाच्याने नवा घेतला, तेव्हा जुना माझ्याकडे परत आला आहे. चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात, पोस्टर रंगांच्या बाटल्यांमागे ठेवला आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास तो तिथेच उघडावा, मुलांसाठी, आणि पुन्हा आत ठेवून कुलूप लावावे, असा बेत आहे. स्वतःला ओळखत असल्यामुळे किल्ली शेजारच्या बाईंकडे द्यावी असे आधी वाटले. मग लक्षात आले की हे पुन्हा उद्यापनच. किल्ली माझ्याच खिशात आहे. कपाट अजून उघडलेले नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी त्या वाडीवर गेलो. काय बोलायचे ते वाटेत ठरवीत होतो आणि काहीच ठरले नाही. बाप दारातच होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद झाला की मी चपापलो.

"बरं झालं आलासा, सर. ह्ये जरा बघा की."

त्याच्या हातात तोच फोन होता. काचेला आडवी चीर गेली होती, कडेला दोरा गुंडाळला होता. ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानेच फोनवरून करायची असते. ई-पीक पाहणी म्हणतात. रानात उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा आणि पाठवायचा. नोंद झाली नाही तर सातबारावर पीक लागत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडते. तो चार दिवस खटपट करीत होता.

"तुमच्या फोनात करून बघू का?" तो म्हणाला. "आमचा म्हातारा झालाय."

मी खिशातून माझा काढला. त्याने तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, एक बटण दाबले आणि मोठ्याने हसला. "सर, ह्यो तर आमचा! तुमीच म्हनला व्हता, ह्येच्यात शाळा न्हाई म्हनून. आमचा बारका त्यो इस्कटून खेळला." मग हसणे आवरून, जरा काळजीने, "मोडला का काय तुमचा चांगला?"

मी म्हटले, "नाही, सोडला."

त्याने मान हलवली. समजल्यासारखी नव्हे, मोठ्या माणसांच्या गोष्टीत फार शिरू नये अशी.

आम्ही रानात गेलो. बाजरी कमरेएवढी आली होती. मी त्याचा फोन धरून उभा राहिलो. पडद्यावर चक्र फिरत होते, जागा सापडत नव्हती. सव्वा वर्षात अंगठ्याची सवय गेली होती, कुठेतरी चुकीचे दाबले गेले आणि सगळे पहिल्यापासून आले. तेवढ्यात मुलगी बांधावरून चालत आली. "सर, द्या इकडं," म्हणाली. मी दिला. ती दोन्ही पायांच्या टाचा उचलून बांधाच्या सर्वांत उंच जागी उभी राहिली, हात डोक्यावर नेला आणि त्या चिरलेल्या काचेत रेंज येते का ते पाहू लागली. मी बापाला म्हटले, "तुमच्याशी जरा बोलायचे होते. हिच्याबद्दल."

"बोला की," तो म्हणाला, "पर आधी ह्ये लागू द्या."